तिकीटघराचं तोंड

३ ऑगस्ट

मा. अभियंता साहेब,
पूरभिंतीचं काम.

आपल्या खात्याची नोटीस मिळाली. नव्या पूरभिंतीची आखणी खालच्या धक्क्यावरच्या जुन्या तिकीटघरातून जाते आणि महिनाअखेर ते घर पाडलं जाईल, असं तीत लिहिलं आहे. आमची जुन्या वास्तूंची समिती ते पाडू देणार नाही. लाकडी घर आहे, खिळ्यांशिवाय नुसत्या खुंट्यांवर जोडलेलं. ते सुटं करून टेकाडावर पुन्हा उभं करायचं ठरलं आहे. पण पाऊस थांबल्याशिवाय कौलं उतरवता येत नाहीत, म्हणून ऑक्टोबरअखेरपर्यंत मुदत द्यावी, ही विनंती.

समितीचं म्हणणं इथं संपलं. पुढचं माझं आहे. वाचलंस तरी चालेल, नाही वाचलंस तरी काही अडणार नाही.

गेल्या वर्षी शाळेत तू भिंतीचा नकाशा लावलास तेव्हा आई भिंगातून अर्धा तास तो बघत होती. जिथून होडीची तिकिटं विकण्यात तिचा जन्म गेला, त्या घरावरून तुझी लाल रेघ गेलेली तिला सापडली. मग सगळ्यांदेखत म्हणाली, "ही भिंत मला बघायची नाही, आणि बांधणाऱ्याचं तोंडही." तू नकाशाची गुंडाळी करून निघून गेलास. तेव्हापासून आपला अबोला. रेघ थोडी वाकवता आली असती, असं सगळं गाव म्हणतं. मला वाटतं तू मुद्दामच वाकवली नाहीस. साहेबांनी आईसाठी भिंत वाकवली असं कुणी म्हणू नये म्हणून. यात तुझं चुकलं असं मला वाटत नाही, पण हे मी आईसमोर मेले तरी बोलणार नाही.

पूल झाला, होडी बंद पडली, तरी आई रोज दुपारी जाऊन तिकिटाची खिडकी उघडून बसते. तिला ते घर हवंय. गावाला इतिहास हवाय. मला काम हवंय. मुदत तेवढी दे.

समितीची चिटणीस (आणि सुतार)


९ ऑक्टोबर

साहेब,

"मुदत मंजूर. प्रगती कळवत राहावे." तुझं पत्र म्हणजे एवढंच. खात्याच्या छापील कागदावर, वर शिक्का. बाबा असते तर म्हणाले असते, पोरगा शब्दसुद्धा मापून कापतो. लहानपणी मांजर झोपलं की त्याची लांबी मोजायचास, म्हणून तर तुला फुटपट्टी नाव पडलं. असो. कळवायला सांगितलंस, म्हणून कळवते.

कौलं उतरली. वासे, तुळया, खांब सगळं सुटं झालं. मी आणि खालच्या आळीचे दोघे सुतार, एवढीच माणसं. बाबांच्या पद्धतीने प्रत्येक लाकडावर आकडे टाकले. पाण्याकडून मोजायचं: पाण्यालगतचा खांब एक, त्याच्या मागचा दोन, तुळयांचंही तसंच. या गावात कुठल्याही सुताराला झोपेतून उठवून विचारलं तरी हेच सांगेल. शाळेतली बाकंसुद्धा आम्ही पाण्याकडून मोजतो.

आई खुर्ची टाकून बसायची आणि ज्याला त्याला ओरडायची. तिला जेमतेम उजेड आणि आकार दिसतात, पण पटाशी वाकडी लागली की आवाजावरून कळतं. गुरुजी वही घेऊन फिरत होते. आपले शाळेतले गुरुजी आता समितीचे अध्यक्ष आहेत, आणि निवृत्तीनंतर त्यांच्या अंगात इतिहास शिरलाय. मागच्या फळीआड एक चप्पल निघाली. गुरुजींनी ती कागदात गुंडाळून वर लिहिलं, "प्राचीन पादत्राण, बहुधा नावाड्याचे." आई म्हणाली, "अहो, ती माझी आहे. दुसरी मांजराने नेली." गुरुजींनी 'प्राचीन' खोडलं, चप्पल मात्र ठेवून घेतली.

घर उतरल्यावर ती जागा फार लहान दिसली. एवढ्याशा चौथऱ्यावर बसून तिने आपल्याला वाढवलं, हे मला तेव्हा जाणवलं. मी तसं कुणाला बोलले नाही. तुला सांगतेय, कारण तू उत्तर देत नाहीस.

ताई


३० ऑक्टोबर

फुटपट्टी,

तू हे वाचून हसशील. हस.

आईला घेऊन मी शहरात डोळ्यांच्या दवाखान्यात गेले होते. तपासण्या रेंगाळल्या, म्हणून मावशीकडे राहिलो. डॉक्टर म्हणाल्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, लगेच ऑपरेशन करून टाका. आई म्हणाली, "मला दिसतं तेवढं पुरे. जास्त दिसून करायचंय काय?" डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, मी छताकडे.

मधल्या काळात टेकाडावर घर उभं करायचं काम वरच्या आळीच्या सुतारांनी घेतलं होतं. चांगले लोक आहेत, हात साफ आहे. मी परत आले तेव्हा कौलं चढत होती आणि गाव टाळ्या वाजवायला जमलं होतं. मी चढ चढून वर गेले. घराची पाठ माझ्याकडे होती. खिडकी पलीकडे.

वरच्या मिस्त्रींना बाजूला घेतलं. "दादा, हे काय केलंत?"

"का? काय झालं? तुमच्या आकड्यांवरच लावलंय. पाण्याकडून एक."

"कुठल्या पाण्याकडून?"

मिस्त्रींनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मला वेड लागलंय. मग त्यांनी वरच्या बाजूला हात केला, जिथून नदी गावात येते. मी खालच्या बाजूला केला, जिथून ती जाते. दोघंही आपापला हात तसाच धरून काही वेळ उभे होतो.

नदी गावाला वळसा घालते, हे तू माझ्यापेक्षा बरं जाणतोस. तुझ्या नकाशावर आहे. खालून कळत नाही. टेकाडावरून दोन्हीकडे पाणी दिसतं. खालच्या आळीचं पाणी खालचं, वरच्या आळीचं वरचं. इतक्या पिढ्या कुणाला विचारायची गरजच पडली नव्हती. चौथरा दोन्हीकडून सारखा, सांधे सारखे, घर कुरकुर न करता उलटं बसलं. मी लाकडांवर एक बाण काढला असता तर हे झालं नसतं. सुतार म्हणून मला तोंड लपवायला जागा नाही.

आता खिडकीतून जुना धक्का दिसत नाही. वरचं पाणी दिसतं, आणि त्याच्या काठाने तुझी भिंत, तिचं काम आधी तिकडूनच सुरू झालंय. आईने ज्याचं तोंड बघायचं नाही म्हटलं, नेमकं तेच.

गुरुजी समितीच्या सभेत उभे राहून म्हणाले, "आपण इतिहासाला पाठमोरा उभा केला." घर पुन्हा उतरवून सरळ लावायचं ठरलं. मी सांगितलं की खुंट्या नव्या ठोकल्यात, पुन्हा काढल्या तर जुन्या लाकडातले काही सांधे फाटतील. तरी ठरलं. फेब्रुवारीत, हवा कोरडी झाल्यावर. मीही हात वर केला.

ताई


२१ नोव्हेंबर

फुटपट्टी,

आईला खिडकीत न्यायला मी रोज काहीतरी सबब काढत होते. शेवटी ती एकटीच काठी टेकत टेकाड चढली. मी मागोमाग धावले. मला वाटलं आता टेकाड डोक्यावर घेणार.

तिने खिडकी उघडली. मग म्हणाली, "पाणी उलटं वाहतंय."

मी झालेलं सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तो कोण उभा आहे?"

"कुठे?"

"तिथे, भिंतीपाशी. हात मागे बांधून. एक खांदा खाली पाडून."

मी बघितलं. लांब होतं, माणसं बोटाएवढी. पण एक जण खरंच तसा उभा होता, बाबा उभे राहायचे तसा, तू राहतोस तसा. डावा खांदा खाली. मी म्हटलं, "तोच असेल." आई म्हणाली, "असेल काय, आहे."

त्या दिवसापासून ती रोज जाते. पूर्वी दुपारी जायची, आता सकाळीच. मी काम करत असते आणि ती मला बातम्या देते. आज उशिरा आला. आज कुणावर तरी चिडलाय, हात मागे नाहीत. आज बसला, बरं नाही की काय. एकदा म्हणाली, "बिनटोपीचा उभा आहे उन्हात, कुणी सांगत कसं नाही त्याला." सांगणारं कोण आहे, असं मी विचारलं.

परवा तिने गुरुजींना गाठलं. "घर फिरवायचं नाही."

"अहो वहिनी, पण मूळ वास्तूचं तोंड..."

"मूळ वास्तूत मी बसायचे. मी सांगते, राहू दे."

"पण कारण काय?"

"मला पोरगा दिसतो," आई म्हणाली.

गुरुजींनी वही मिटली. संध्याकाळी त्यांनी ठरावात लिहिलं, "स्थानिक कारणास्तव फेरबदल तूर्त स्थगित." घराबाहेर लावायच्या पाटीचा मजकूरही त्यांनी बदललाय. "मूळ इमारतीचे तोंड नदीकडे होते. प्रस्तुत इमारतीचेही आहे." इतिहासकार झाले तरी गुरुजी मनाने चांगले आहेत.

मला बरं वाटलं, हे सरळ लिहिते. घर उलटं बसल्याची लाज होती, ती निम्म्याने कमी झाली. कधीतरी मान वर करून बघ. खिडकी हिरवी आहे, चटकन दिसेल.

ताई


१६ डिसेंबर

पंधरा दिवसांपूर्वी आईने डबा केला. तुझ्यासाठी. तिच्या हाताला अंदाज असतो, डोळे लागत नाहीत. मला म्हणाली, "मी दिलाय असं सांगू नकोस. उरलं होतं म्हण." भल्या पहाटे उठून केलेलं उरलं होतं!

मी चालत गेले. भिंतीच्या कडेने, वाळूचे ढीग, सळ्यांचे भारे, सिमेंटची गोणी गोणीवर रचलेली. तो पाठमोरा उभा होता. हात मागे, डावा खांदा खाली. मी हाक मारली, तुझ्या घरच्या नावाने, सगळ्या मजुरांसमोर. तो वळला.

तू नव्हतास.

गोदाम सांभाळणारा माणूस. तुझ्याहून वयाने मोठा, मिशीवाला. घाबरला बिचारा. मी कोण ते सांगितल्यावर म्हणाला, "साहेब तर इथं नाहीत, ताई. कधीचेच मुख्य कचेरीत गेलेत. त्या तिकीटघराची कौलं उतरवायला लागले ना, त्याच आठवड्यात. पत्रं येतात ती आम्ही पुढे पाठवतो."

कौलं उतरत होती त्याच आठवड्यात. योगायोग असेल. मी विचारणार नाही.

पण एवढं तर लिहायचंस. 'आता मी इथं नाही' या चार शब्दांना काय लागतं? छापील कागदावर मथळा तोच, शिक्का तोच, मला कळणार कसं? मी महिनाभर एका परक्या माणसाच्या खांद्याकडे बघून तुला पत्रं लिहीत होते. मला फार राग आला. डबा हातात होता, नाहीतर काय केलं असतं सांगता येत नाही.

डबा त्याला दिला. आढेवेढे घेत त्याने घेतला, मग वाळूच्या ढिगावर बसून शेवटच्या घासापर्यंत पुसून खाल्ला. त्याचं घर लांब आहे, मुलं तिकडेच असतात. डबा धुऊन परत दिला.

आई खिडकीत वाट बघत होती. "खाल्लं?"

"सगळं."

"काही म्हणाला?"

"काही नाही. खाली मान घालून खाल्लं."

"तसाच आहे," आई म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता, मला तोंडात मारल्यासारखं झालं. सांगायचं तिथंच होतं. मी रंधा उचलला आणि कामाला लागले. आता दर आठवड्याला डबा जातो. तो माणूस मला बघितलं की उठून उभा राहतो.

ताई


११ जानेवारी

फुटपट्टी,

तुझं पत्र आलं. "प्रशासकीय कारणाने स्थलांतर. कळवायचे राहून गेले. आईची प्रकृती कशी आहे?" शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. त्याचं उत्तर देते.

आईने काल आपणहून सांगितलं की ऑपरेशन करून घेते. मी विचारलं, एकदम कसं काय सुचलं? म्हणाली, "आकार दिसतो त्याचा. चेहरा दिसत नाही. वाळलाय का, केस पांढरे झालेत का, काही कळत नाही. एकदा नीट बघते. मग बोलावू वर."

मी म्हटलं, "तोंड बघायचं नाही म्हणाली होतीस."

"म्हणाले होते," आई म्हणाली. "मी काय दगडावर कोरून ठेवलंय?"

तर आता ऐक. महिनाअखेर एका डोळ्याचं ऑपरेशन आहे. पट्टी काढली की थेट टेकाडावर जायचं, असं तिने डॉक्टरांनाही बजावलंय. मी तिला काही सांगितलेलं नाही. ऑपरेशनच्या तोंडावर कसं सांगू, ती उठून घरी येईल. गोदामवाला म्हणाला, "ताई, मी त्या दिवशी सुट्टी घेतो, म्हणजे त्यांना दिसणारच नाही कुणी." त्याला मी नको म्हटलं. दुसऱ्याने लपण्यात काय अर्थ आहे?

माझं म्हणणं एवढंच की तू ये. वर आलास तर उत्तम. वर यायला पाय उचलत नसेल तर खाली भिंतीपाशी उभा राहा. तुझीच भिंत आहे, तुला कुणी हटकणार नाही. तिला बोलवायला अवधी दे, ती हाक मारेल. तिचा आवाज अजून पलीकडच्या काठाला जातो.

मी तुला आजवर कधी काही मागितलं नाही. मुदत मागितली, ती समितीसाठी होती. हे मागतेय.

तुझी ताई


३ फेब्रुवारी

"रजेचा अर्ज केला आहे," असं तुझं एका ओळीचं कार्ड मिळालं. रजा मिळाली नसेल. मी असंच समजते.

झालं ते लिहिते. डोळा चांगला झाला. दवाखान्यातून निघाल्यापासून आई प्रत्येक पाटी मोठ्याने वाचत होती. मला बघून म्हणाली, "किती म्हातारी झालीस गं," आणि स्वतःच हसली. टेकाड चढताना काठी माझ्या हातात दिली.

खिडकीत बसली. मी मागे उभी होते. खाली तो होता, रोजच्या जागी, हात मागे बांधून. मी त्याला लपू नको म्हटलं होतं, त्याने ऐकलं.

आईने खूप वेळ बघितलं. मग म्हणाली, "हा तो नाही."

"नाही."

"तुला माहीत होतं."

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्या डब्यापासून."

ती रागावली नाही. ती रागावली असती तर मला बरं पडलं असतं. म्हणाली, "मग डबे कोण खायचं?" मी खाली बोट केलं. "आवडायचं त्याला?" मी हो म्हटलं. "देत जा," म्हणाली. "बिचारा रोज उभा तरी असतो."

मग विचारलं, "आपला कुठे आहे?" मी मुख्य कचेरी सांगितली. इथून दिसते का, असं तिने विचारलं नाही. खिडकीची फळी ओढून घेतली आणि कडी घातली. उतरताना म्हणाली, "गुरुजींना सांग, आता घर फिरवा म्हणावं. मला खालचं पाणी बघू दे."

घरी येऊन ती झोपली. जेवली नाही. दुसऱ्या दिवसापासून टेकाडावर गेलेली नाही.

घर फिरवायचं म्हणजे निदान दोन खांब आणि पाण्याकडची तुळई कामातून जाणार, हे मी तिला सांगितलं नाही. तिने मागितलंय, मी करणार. गोदामवाल्याने दोर आणि माणसं देऊ केलीत. वरचे मिस्त्रीही येतो म्हणालेत.

गुरुजींना मात्र मी अजून काही बोललेले नाही. तुझ्यासाठी थांबलेय असा समज करून घेऊ नकोस. लाकडात अजून ओल आहे, सांधे सुटायला हवा आणखी कोरडी लागते. पंधरा दिवस लागतील, कदाचित महिना. हवेचं काही सांगता येत नाही. तोवर खिडकी तुझ्याच बाजूला आहे.

ताई